चित्र एकाचे, गाणे दुसऱ्याचे

आमच्या शाळेतली मुले हल्ली ज्याला ‘एडिट’ म्हणतात ती वस्तू काय आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण हा अंक आजीआजोबांच्याही हाती पडणार. एखादा रेखाटलेला चित्रपट घ्यावयाचा, ज्याला आपण सोयीने कार्टूनपट म्हणतो. त्यातले मनात भरलेले तुकडे वेचून काढावयाचे, मूळचा आवाज पुसून टाकावयाचा, आपल्या आवडीचे एखादे गाणे लावावयाचे आणि त्या गाण्याच्या तालावर ते तुकडे पुन्हा ओवावयाचे. तीन-चार मिनिटांचा खेळ. चित्र एकाचे, गाणे दुसऱ्याचे, ओवणारा तिसराच. मुलांना वाटते की हा शोध काल लागला. त्यांच्या वडिलांना वाटते की ही मोबाइलने लावलेली खोड आहे. मला स्वतःला जुनी पाने चाळण्याची खोड आहे. म्हणून मी या वस्तूचे मूळ शोधीत निघालो, तो थेट कल्याणला जाऊन पोहोचलो.

१८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण त्या नावात मौज आहे. शंबरासुर हा पुराणातला पट्टीचा मायावी. त्याच्या मायेचा हा कंदील. आत दिवा, दिव्यापुढे काच, काचेपुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा, एवढीच सामग्री. परंतु काचेवरची चित्रे हाताने रंगविलेली, आणि तीही इतकी नाजूक की नखाएवढ्या मुखावर भाव दिसावा. पटवर्धनांची खरी हिकमत अशी की ते एकाहून अधिक कंदील वापरीत. एका काचेवर पात्राचा हात खाली, दुसऱ्या काचेवर तोच हात वर. पहिली काच जाते न जाते तोच दुसरी पडद्यावर. प्रेक्षकाला वाटावे, हात उचलला! ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याच्या चार वर्षे आधी मराठी माणसाने रामायणातली पात्रे पडद्यावर हालवून दाखविली होती.

मात्र काचेला आवाज कोठला? तो पडद्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा. तोच निवेदन करी, तोच संवाद म्हणे, आणि गाणीही तेथेच, त्या क्षणी, म्हटली जात. चित्र कंदिलातून येई आणि गाणे कंठातून. दोघांची गाठ पडे ती पाहणाऱ्याच्या मनात. माझ्या विद्यार्थ्याच्या ‘एडिट’चा हा पणजोबा म्हणावयास हरकत नाही.

पणजोबालाही बाप असतोच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सांगत आले. कागदावरच्या चित्रांचा एक गठ्ठा, त्याला ते पोथी म्हणतात. एक चित्र समोर धरावयाचे, वीणेच्या आणि टाळांच्या साथीने त्याची कथा गावयाची, मग दुसरे चित्र. चित्र जागचे हलत नाही. हलते ते गाणे. या कलेसाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्या चित्रांचे फार कौतुक झाले. मला मात्र राहून राहून वाटले की वर्तमानपत्राने अर्धीच कला छापली. कागदाला गाणे छापता येत नाही, त्याला त्याचा इलाज नाही.

एकाची वस्तू उचलून तीवर दुसऱ्याने आपले काही बसवावे, यात आपल्याकडे कमीपणा कधी मानला गेला नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्याला रंगभूमीवर आले. कथा कालिदासाची आणि पुष्कळ पदांच्या चाली लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कोणत्या तरी दुसऱ्याच गाण्याचे नाव छापलेले असते. अगदी उघडपणे, लाजबीज न धरता. उसने घेतले ते घेतले, पण कोणाकडून घेतले तेही सांगितले. हा ‘चाल’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, मला त्याकडे परत यावयाचे आहे.

आणि आम्हा झाडीपट्टीवाल्यांना तर हे कोणी शिकवावयासच नको! भाऊबीज झाली की गोंदिया-भंडाऱ्याच्या गावागावांतून मंडई भरू लागते. हलका धान कापून झालेला असतो, हातात चार पैसे असतात, आणि रात्री नाटक असते. कथानक कोठलेही असो, त्यात गाणे आणि नाच हवेतच. सासू सुनेला घराबाहेर काढीत असते, प्रेक्षकांतल्या बाया डोळ्यांना पदर लावीत असतात, आणि पाचच मिनिटांनी तबला कडाडतो आणि एक झगमगती बाई येऊन नाचून जाते. पुणेकर पाहुण्याला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे गाणे नसले तर पैसे परत मागतील. भजनी मंडळांची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक आहे: चाल सिनेमाची, शब्द विठ्ठलाचे. विठ्ठलाने आजवर तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

आता फाळक्यांकडे वळतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ करण्यापूर्वी, भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून, त्यांनी एक लहानसा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत महिन्याहून अधिक काळ त्या अंकुरावर पहारा केला. पडद्यावर पाहणाऱ्यांना मिनिटभरात वेल वर चढताना दिसली. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. आगकाड्या मांडावयाच्या, एक चौकट टिपावयाची, काड्या तिळभर सरकवावयाच्या, पुन्हा एक चौकट. निर्जीव काड्या पडद्यावर चालू लागतात. आपल्या देशातल्या अशा चित्रणाचा आरंभ इतका स्वस्त आहे: एक पेटी आगकाड्या आणि न संपणारी चिकाटी. पहिली वस्तू दुकानात मिळते.

फाळक्यांचे चित्रपट मुके होते. थिएटरात पडद्याखाली पेटी आणि तबला बसे. चित्र नाशिकहून येई, वाजविणारा ज्या त्या गावचा. एकाच चित्रपटाला एका गावी एक राग, तर दुसऱ्या गावी दुसराच. वनवासाच्या दृश्याला एखाद्या पेटीवाल्याने करुण सूर धरला तर बाया रडत, आणि दुसऱ्याने चढा ठेका धरला तर तेच दृश्य पराक्रमाचे होई. चित्रपट तोच! आज संकलनाच्या वर्गात जे मोठ्या शब्दांनी शिकवितात, ते त्या गावच्या पेटीवाल्याच्या बोटांत होते.

बोलपट आला आणि ही गंमत मोडली. वॉल्ट डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ नोव्हेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला झळकला, त्यात उंदराचे प्रत्येक पाऊल वाद्याच्या ठोक्यावर पडत होते. हे कसे साधले ते सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. बोलपटाच्या फितीवर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके असली तर प्रत्येक ठोक्याला १२ चौकटी येतात. चित्रकाराला आधीच सांगून ठेवावयाचे: बाराव्या चौकटीवर पाय जमिनीला टेकला पाहिजे. आपल्या भाषेत मांडावयाचे तर त्या लयीतला केरवा, आठ मात्रांचा, चार सेकंदांत म्हणजे ९६ चौकटींत एक आवर्तन पुरे करतो. दादरा सहा मात्रांचा, तो ७२ चौकटींत समेवर येतो. प्रभातनेही १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचा कार्टूनपट काढला. चित्र आणि सूर आता एकाच फितीवर, एकाच शिक्क्याखाली आले. गावचा पेटीवाला पेटी मिटून घरी गेला.

तो घरी गेला तो परत कोठून यावा, तर अमेरिकेतून. तेथे ‘स्टार ट्रेक’ नावाची एक आकाशयानाची मालिका होती आणि तिचे वेडे भक्त होते. कँडी फॉंग नावाच्या एका भक्तिणीने १९७५ साली त्या मालिकेच्या टाकून दिलेल्या फितीचे तुकडे मिळविले, त्यांच्या स्लाइडी केल्या आणि टेपवर एक विनोदी गाणे लावून त्या एकामागून एक मंडळींना दाखविल्या. चाहत्यांनी केलेल्या या प्रकारच्या चित्रगीतांचा इतिहास तिच्यापासून मोजतात. मी हे वाचले आणि हसू आवरेना. अंधारी खोली, दिवा, भिंग, काच, पडदा आणि बाहेरचे गाणे. हे तर कल्याणचे पटवर्धन! त्या बाईला त्यांचे नावही ठाऊक नसणार. परंतु दिव्यापुढे चित्र धरले आणि पडदा मुका राहिला की माणसाला गाणे सुचतेच, मग तो माणूस कल्याणचा असो की फिनिक्सचा.

कार्टूनपटाची पाळी १९८२ साली आली. जिम कापोस्टास नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना तारेने जोडले. एकात जपानी मालिकेची अमेरिकन आवृत्ती ‘स्टार ब्लेझर्स’, दुसऱ्यात कोरी कॅसेट. मालिकेतली सर्वांत घनघोर युद्धाची दृश्ये त्याने निवडली, आणि त्यांवर गाणे कोणते लावले? बीटल्स मंडळींचे, प्रेमाची महती सांगणारे! पडद्यावर जहाजे जळत आहेत आणि गाणारे प्रेमाचे गुण गात आहेत. मूळ मालिकेत जी लढाई वीरश्रीची होती ती या पोराच्या हातात उपहासाची झाली. एक चित्र त्याने नव्याने काढले नाही, एक सूर नव्याने लावला नाही.

ज्यांनी गणपतीत भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहिले आहेत, त्यांना त्या यंत्राचा स्वभाव ठाऊक आहे. थांबवावे तेथे ते थांबत नसे. दोन पावले मागे किंवा पुढे सरके. तशा यंत्रावर तालात तुकडे जोडावयाचे म्हणजे मोकाट बैलांची जोडी शंकरपटात सरळ पळविण्यासारखे. शिवाय प्रतीवरून प्रत काढावी तसतसे चित्र मळकट होई. तरी लोकांनी ते केले, वर्षानुवर्षे केले, आणि त्यातून कोणाला एक छदाम मिळत नव्हता.

आज तीच गोष्ट दहा इंच हाताच्या अंतरावर धरलेल्या मोबाइलवर होते. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वी नववीतला एक मुलगा असे एक चित्रगीत घेऊन माझ्याकडे आला. धानाची शेती करणाऱ्या घरातला, वर्गात मागल्या बाकावर बसणारा. चित्रपट होता युगो साको या जपानी गृहस्थांचा ‘रामायण’. गाणे होते गीतरामायणातले, सेतू बांधण्याचे.

या दोन वस्तू एकत्र येण्याआधी किती चालून आल्या ते पाहण्यासारखे आहे. गदिमांनी शब्द लिहिले, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या, आणि १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर ही ५६ गीते प्रसारित झाली. केवळ कानांसाठी केलेली वस्तू. तिला चित्र नव्हतेच. घराघरांतल्या आयाबाया हात जोडून रेडिओसमोर बसत आणि चित्र ज्याचे त्याने मनात काढावे. इकडे साको १९८३ साली पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले आणि रामायणाच्या नादी लागले. रामाची भूमिका नटाने करावी यापेक्षा राम रेखाटावा, हे त्यांना अधिक योग्य वाटले. परदेशी माणसाने राम काढावा की काढू नये यावर येथे आक्षेप निघाले, तरी ते मागे हटले नाहीत. १९९२ साली चित्रपट पुरा झाला. दिग्दर्शनात त्यांच्यासोबत कोइची सासाकी आणि आपले राम मोहन. संगीत वनराज भाटियांचे. हे राम मोहन १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकलेले. सुमारे साडेचारशे चित्रकार या कामावर खपले. १३५ मिनिटांचा चित्रपट. चौकटी मोजल्या तर १ लाख ९४ हजार ४००. त्याला बरीच वर्षे टीव्हीवरच्या मुलांनी जिवंत ठेवले, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतातल्या चित्रपटगृहांत नव्याने लागला.

मुलाने मोबाइल माझ्या हातात दिला. वानर शिळा उचलीत होते, लाटा फुटत होत्या, आणि शिळा पाण्यावर आदळत होती ती नेमकी समेवर. पहिल्यांदा मला वाटले योगायोग असेल. मांडीवर हात ठेवून मात्रा मोजल्या. योगायोग नव्हता.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोनी नाही जी. भजनात टाळ वाजवतो ना मी.”

“आणि गाणं?”

“आजीचं हाय. ते रोज सकारी लावते.”

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकाही तुकड्यात कोणाचे तोंड बोलताना दिसत नव्हते. विचारले, तर म्हणाला, “तोंड हाललं का गानं खोटं वाटते, गुर्जी.” त्याने पाठमोरी पात्रे निवडली होती, हात निवडले होते, पाय, पाणी, आभाळ. साडेचारशे चित्रकारांनी काढलेल्या प्रत्येक चित्राकडे या मुलाइतके निरखून त्या आठवड्यात आमच्या तालुक्यात दुसरे कोणी पाहिले असेल, असे मला वाटत नाही. हाच मुलगा इतिहासाच्या धड्यातले चित्र पाहून “त्यात काय दिसते?” या प्रश्नाला “राजा” एवढेच उत्तर देई.

संमेलनात ते दाखवावे असे मी सुचविले आणि शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एका सहकाऱ्याचे म्हणणे, ही चोरी आहे. चित्र जपान्यांचे, गीत गदिमांचे, याचे त्यात काय? दुसऱ्यांचे म्हणणे त्याहून निराळे: गीतरामायण ही देवघरातली वस्तू, तिला कार्टून चिकटवू नये. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर द्यावयास मी गेलो नाही. श्रद्धेशी वाद घालू नये. एवढेच म्हणालो की ज्या आजीचे ते गाणे आहे तिला एकदा दाखवून यावे. मुलाने दाखविले होतेच. आजीने दोनदा पाहिले आणि वानर काळ्या तोंडाचे का नाहीत, एवढीच शंका काढली.

पहिला आक्षेप मात्र हलका नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत शब्द त्यांच्या वारसांचे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे. शाळेच्या कामकाजात, केवळ विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण सादर करण्यास कायद्याने सवड ठेवली आहे. (आमच्या गावात पालक नसलेला माणूस शोधावा लागेल, हा भाग वेगळा.) परंतु तुकडे कापून नवी माळ ओवण्याला त्यात नाव घेऊन परवानगी दिलेली नाही. तेव्हा ते जगभर सोडून देण्याचा हट्ट मुलाने धरू नये आणि त्यावर पैसा मिळवू नये, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. माझे स्वतःचे मत विचाराल तर चोरी त्या माणसाची, जो उचलतो आणि मालकाचे नाव पुसतो. आपल्या नाटककारांनी पदावर ‘चाल’ छापली, तीच रीत येथे लागू करावी.

तशी ती केली. मुलाने आरंभी आपले नाव सोनेरी अक्षरांत, फिरत फिरत येणारे, टाकले होते; बाकी कोणाचेच नव्हते. मी त्याला चित्रपटाची शेवटची नामावली पाहून यावयास सांगितले. दोन दिवसांनी वही घेऊन आला. युगो साको, कोइची सासाकी, राम मोहन, वनराज भाटिया. मग पानामागून पान जपानी नावे, त्यांचे उच्चार कसे लिहावेत म्हणून अडलेली. गाण्याकडे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके.

“इतके लोक लागतात जी?”

“लागले.”

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. “मंग माहा नाव बारीक करतो,” म्हणाला.

संमेलनाच्या रात्री मुख्य नावे आधी आली, मग सेतू बांधला गेला, आणि शेवटी खालच्या कोपऱ्यात, चष्मा लावून वाचावे लागेल एवढ्या अक्षरांत, ‘जुळवणी’ असे लिहून त्याचे नाव. ‘जुळवणी’ हा शब्द त्याचाच. संकलन हा पुस्तकी शब्द मी सुचविला होता. त्याला तो पसंत पडला नाही, आणि आता मलाही पडत नाही.

फाळक्यांच्या आगकाड्यांची गोष्ट मी त्याला पुढे केव्हा तरी सांगितली. परवा, दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी, त्याने किराणा दुकानातून आगपेट्यांचा अख्खा पुडा आणल्याचे कळले. फटाक्यांसाठी असेल असे घरच्यांना वाटले. त्याने पडवीत पाट मांडला आहे, मोबाइल खुर्चीच्या दांडीला सुतळीने बांधला आहे आणि काड्या सरकवीत बसला आहे. सेकंदाला १२ चित्रे धरली तर मिनिटाला ७२० होतात, हा हिशेब त्याने मला सांगितला. आजवर २०० झाली आहेत. गाणे अजून ठरलेले नाही. आजीला विचारणार आहे.